पळणाऱ्याला सवलत, बांधावरच्याला कर

चिखलणीचे दिवस आले, की मुळशी तालुक्यातला भातकरी डिझेलचा कॅन घेऊन पंपावर जातो. भाव करायची सोय नाही. पंपावर जो आकडा दिसेल तो मुकाट्याने मोजायचा. हिंजवडी-माणमध्ये कंपन्यांच्या इमारतींच्या मधे ज्यांची दोन-चार खाचरं उरली आहेत, त्यांचीही तीच गत. या पैशात राज्य सरकारचा वाटा किती, याचा हिशेब आपण कधी केला आहे का?

डिझेल जीएसटीत येत नाही. त्यावर राज्याचा विक्रीकर, म्हणजे आजचा व्हॅट लागतो. २०२४ सालच्या जुलैपासून डिझेलवरचा हा कर राज्यभर २१ टक्के झाला. त्या वेळी सवलत मिळाली ती मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईला. तिथला दर २४ वरून २१ वर आला. आपल्याकडे तो आधीपासूनच २१ होता. म्हणजे आपल्या पदरात काही पडलं नाही. पंपावरचा भाव ९० रुपये धरला, तर त्यात व्हॅट सुमारे साडेपंधरा रुपये बसतो. वर्षाला तीनशे लिटर डिझेल जाळणाऱ्याच्या खिशातून साडेचार हजारांवर रुपये या एकाच कराचे जातात.

आता सवलत कुणाला मिळते ते बघा. २०२३ सालच्या अर्थसंकल्पात राज्याने विमानाच्या इंधनावरचा व्हॅट मुंबई, पुणे व रायगडसाठी २५ टक्क्यांवरून १८ टक्के केला. कारण उघड आहे. बेंगळुरू किंवा गोव्यात तेल स्वस्त असेल, तर विमान तिथे टाकी भरून येतं आणि पुण्यात घोटभरच घेतं. जहाजाचंही तसंच. जहाजं जे जड तेल जाळतात, ते जीएसटीत आहे आणि २०१७ साली त्यावरचा कर ५ टक्क्यांवर आणला गेला. मुंबईच्या समुद्रात तेल महाग पडलं, तर जहाज ते सिंगापूरला भरतं. जगात जहाजांना सर्वांत जास्त तेल विकणारं बंदर तेच. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९१ साली जहाजाच्या तेलावरची विक्रीकराची सूट काढली. जहाजांनी सरळ दुसरी बंदरं गाठली, आणि १९९३ साली ती सूट परत द्यावी लागली. दर वाढला, पण गिऱ्हाईकच गेलं तर कर कुणाकडून घेणार?

ट्रकवाल्यांनाही हे गणित कळतं. २०२१ सालच्या नोव्हेंबरात कर्नाटक, गोवा, गुजरातने इंधनावरचा व्हॅट उतरवला आणि महाराष्ट्राने नाही. तेव्हा कागलहून पुढे जाणारा ट्रक निपाणीकडे गेल्यावरच टाकी भरू लागला. शेवटी २०२२ सालच्या जुलैत महाराष्ट्रालाही डिझेल तीन रुपयांनी उतरवावं लागलं.

मंडळी, यातली मेख ओळखा. ज्याला दुसरीकडे जाता येतं, त्याच्यासाठी कर उतरतो. विमान पळतं, जहाज पळतं, ट्रक पळतो. हिंजवडीचा ट्रॅक्टर काही चिखलणीसाठी निपाणीला डिझेल भरायला जाणार नाही. आपण जागचे हलत नाही, म्हणून आपल्या कराला कुणी हात लावत नाही. ‘विक्री वाढेल, दर उतरवा’ असं म्हणून आपली डाळ शिजणार नाही. अर्थखातं म्हणेल, तुम्ही तर इथेच घेणार आहात.

मग दुसरी वाट आहे का? आहे, आणि ती आपल्याच कोकण किनाऱ्यावर आहे. मच्छीमारांच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा राज्य सरकार देतं. नौकेचा कोटा ठरतो, डिझेल मच्छीमार सहकारी संस्थेमार्फत मिळतं आणि भरलेला कर नंतर परत येतो. हा परतावा विक्री वाढावी म्हणून नाही, धंदा टिकावा म्हणून आहे. २०२५ सालच्या एप्रिलमध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. चांगलं झालं. पण मग उलटा प्रश्नही विचारायला हवा: मच्छीमाराला शेतकऱ्याचा दर्जा मिळाला, तर शेतकऱ्याला मच्छीमाराचा डिझेल परतावा का नको? बिहार सरकारने पाऊस कमी झालेल्या वर्षांत सिंचनासाठी डिझेल अनुदान दिलेलं आहे. म्हणजे अशी योजना करता येते.

मात्र मागणी करताना दोन गोष्टींची खबरदारी घ्या. पहिली, परताव्याच्या पैशाला मुदत हवी. कोकणातल्या मच्छीमार संस्थांची जुनी तक्रार हीच, की परताव्याची रक्कम थकते आणि आधी खिशातून घातलेले पैसे अडकून पडतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आपल्यातले बहुतेक लहान शेतकरी ट्रॅक्टर भाड्याने लावतात. परतावा ट्रॅक्टरच्या कागदावर दिला, तर तो मालकाच्या खात्यात जाईल आणि नांगरटीचा दर आहे तोच राहील. म्हणून परतावा ट्रॅक्टरमागे नको, पिकाच्या एकरामागे हवा. भाताला एकरी इतके लिटर, ऊसाला इतके, असं कृषी खात्याने ठरवावं आणि पैसे थेट कसणाऱ्याच्या बँक खात्यात यावेत. पिकाची नोंद सात-बारावर ई-पीक पाहणीने होतेच आहे. नवीन कागद काढायची गरज नाही.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना एकच विनंती. येत्या ग्रामसभेत हा विषय पत्रिकेवर घ्या. ठरावात ‘डिझेल स्वस्त करा’ एवढंच मोघम लिहू नका. एकरी परतावा, थेट खातं आणि ठरलेली मुदत या तीन गोष्टी स्पष्ट लिहा आणि ठराव तहसीलदारांमार्फत वर पाठवा. एका गावाच्या ठरावाची फाईल कपाटात जाते. तालुक्यातल्या सगळ्या गावांचे ठराव एकदम गेले, तर त्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याला पळून जाता येत नाही, तेव्हा एकत्र उभं राहणं एवढंच आपल्या हातात आहे.