आईही तीच, मुलगाही तीच!

आईने लेकाचा पापा घेतला, यात नवल ते काय? पण दोघांचं काम एकाच नटीने केलं असेल तर?

‘लिटल लॉर्ड फाँटलरॉय’ हा १९२१ सालचा अमेरिकी मूकपट. न्यूयॉर्कमधला छोटा सेड्रिक मेरी पिकफर्डच, आणि त्याची विधवा आईही तीच! मेरीचं वय तेव्हा २९.

सेड्रिक निघतो इंग्लंडमधल्या एका उमरावाचा नातू. आजोबांना वारस हवा, पण अमेरिकन सून नको. झालं, मायलेकरांची ताटातूट! खडूस आजोबा नातवाच्या लळ्याने जरा विरघळतात, तोच एक बाई उगवते. म्हणते, खरा वारस माझा मुलगा. आता? तिचं बिंग बड्या वकिलाने नाही, तर सेड्रिकच्या दोस्ताने, बूटपॉलिशवाल्या डिकने फोडलं. ही तर त्याच्या भावाची बायको!

आता त्या पाप्याचं गुपित. संगणक तेव्हा कुठला! कॅमेरा घट्ट बसवायचा, भिंगाचा एक भाग झाकायचा आणि मुलगा झालेल्या मेरीचं चित्रण करायचं. मग फिल्म मागे गुंडाळायची. मेरी कपडे बदलून आई होऊन येणार, आणि झाकलेल्या भागात, त्याच फिल्मवर, पुन्हा चित्रण. कॅमेरा केसभर जरी हलला, तरी सगळं मुसळ केरात! कॅमेरामन होते चार्ल्स रोशर. तीन सेकंदांच्या दृश्याला १५ तास लागले, असं सांगतात.

पण डबल रोलमध्ये आपण मेरीच्याही पुढे बरं का! दादासाहेब फाळक्यांच्या ‘लंकादहन’मध्ये १९१७ सालीच राम झाले होते अण्णा साळुंके. आणि सीता? तीही अण्णाच!