कोण, कोणावर, काय लादतो?

निकालपत्र अनुवादाला घेतले की ‘चार्ज’ हा शब्द भेटतोच. हात सरावलेला असतो. ‘आरोप’ लिहून आपण पुढे जातो आणि तिथेच घसरतो.

आरोप कोणीही कोणावरही करतो. दोषारोप मात्र न्यायालयच ठेवते आणि त्यात काय असावे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३४ने ठरवून दिले आहे. पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले म्हणजे दोषारोप ठेवला गेला, असे होत नाही. वृत्तपत्रांना ‘आरोपपत्र’ चालून जाते. आपल्याला ती सूट नाही.

दिवाणी कागदांत हाच शब्द ‘बोजा’ होतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० प्रमाणे जे गहाण नाही, पण ज्यात स्थावर मालमत्ता रकमेला तारण असते, तो बोजा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४८ खाली कर्जदार सभासद जमिनीवर ठेवतो तोही बोजाच. तो सातबाऱ्याच्या ‘इतर हक्कां’त चढतो. इथे कोणी ‘आकार’ लिहिला, तर शेतकऱ्याला वाटेल, संस्था काही फी मागते आहे. जमीन अडकते आहे हे त्याला कळायचे नाही आणि अंगठा उठून जाईल.

अर्थसंकल्पात तो ‘भारित’ असतो. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे वेतन अनुच्छेद २०२ नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित आहे. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. म्हणूनच ‘दत्तमत’ खर्चाचा रकाना वेगळा.

या शब्दाचे मूळ लॅटिनमधल्या गाडीच्या नावात आहे. गाडीवर माल लादणे हा पहिला अर्थ. आपले बोजा, भारित, कार्यभार, विजेचा प्रभार हे शब्दही त्याच ओझ्याचे. तेव्हा कोश उघडण्याआधी वाक्यालाच विचारावे: कोण, कोणावर, काय लादतो आहे? आरोपीवर दोष, जमिनीवर कर्ज, निधीवर खर्च, अधिकाऱ्यावर काम. उत्तर मिळाले की शब्द सहसा पाठोपाठ येतो.

पोलिसांच्या लाठीचार्जपाशी मात्र ही गाडी अडते. तिथे ‘लाठीमार’ हा शब्द लोकांच्या तोंडी केव्हाचा रुळलेला आहे. तो मुकाट्याने घ्यावा. तिथे आपली कारागिरी नको.