गाडी जुनी चालेल, टायर जुना चालणार नाही

माझ्या 1979 च्या पद्मिनीचे फोटो इथे टाकले की तुम्ही सगळे भरभरून लाइक करता. आजची पोस्ट त्याच गाडीची आहे, पण फोटो नाही. कारण जे सांगायचंय ते फोटोत दिसत नाही, आणि नेमकी तीच भानगड आहे.

जूनमधली गोष्ट. रत्नागिरीहून कोल्हापूरला परत येत होतो. सोबत बायको आणि मुलगी, डिकीत फणस. साखरप्यात चहा घेतला आणि आंबा घाट चढायला लागलो. पाऊस मुसळधार नव्हता, रिपरिप होती. वेग म्हणाल तर तीस-पस्तीस. एका डाव्या वळणावर समोरून एसटी आली म्हणून पाय ब्रेकवर गेला, फार जोरात नाही. आणि गाडीचा मागचा भाग सरळ उजवीकडे निघाला. हातातलं स्टिअरिंग एकदम हलकं झालं. एसटीवाल्यानं गाडी कडेला घेतली म्हणून आज ही पोस्ट लिहितोय. त्या ड्रायव्हरदादांचं नाव विचारायचं राहून गेलं. मुलगी घरी येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या चाचांकडे नेली. मी म्हटलं, "चाचा, टायर तर नवे दिसतात. नक्षी बघा की, भरपूर आहे." चाचांनी नखानं टायर दाबून बघितला. नख रुतलंच नाही. म्हणाले, "साहेब, नक्षी हाय, पण रबर मेलंय." मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे दाखवले: 3109. म्हणजे 2009 सालातला एकतिसावा आठवडा. 2000 नंतरच्या प्रत्येक टायरवर असे चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. मी गाडी पॉलिश करण्यात रविवारचे रविवार घालवलेला माणूस, आणि हे आकडे कधी वाचले नव्हते. आता खोटं कशाला बोलू.

जुन्या गाड्यांचं दुखणं इथेच आहे. रोजच्या गाडीचा टायर झिजून संपतो, आपण बदलतो. माझी पद्मिनी वर्षाला हजार किलोमीटर पळते की नाही शंका. झीज होतच नाही, नक्षी तशीच राहते. पण रबर मात्र ऊन, हवा आणि वय खात कडक होत जातं. ओल्या रस्त्यावर नक्षीचं काम असतं पाणी बाजूला सारायचं. पकड धरायचं काम रबराचं. मऊ रबर डांबरातल्या बारीक खडबडीत जाऊन बसतं, कडक रबर वरून घसरत जातं. कोरड्या रस्त्यावर हा फरक कळतसुद्धा नाही. कळतो तो पावसात, आणि तोही वळणावर.

नियमाचं बघा. कायद्याला पाहिजे मोटारीच्या टायरला किमान 1.6 मिलिमीटर नक्षी. माझ्या टायरला त्याच्या तिप्पट होती. म्हणजे घाटात घसरलेली माझी गाडी कागदावर ठणठणीत होती.

आता हवेबद्दल, कारण यावर आपल्याकडे प्रत्येकाचं एक मत असतं. आमच्या जुन्या गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर निम्मे लोक छातीठोकपणे सांगतात, पावसात दोन-चार पॉइंट हवा कमी ठेवा, पकड वाढते. चिखलात, वाळूत ठीक आहे हो. पाणी साचलेल्या हायवेवर हे नेमकं उलटं आहे. टायरखालचं पाणी बाहेर ढकलायला आतल्या हवेचा दाब लागतो. दाब कमी पडला की टायर पाण्यावर तरंगायला लागतो, मग ना ब्रेक लागतो ना स्टिअरिंग ऐकतं. नासाच्या इंजिनियरांनी 1960 च्या दशकात विमानांच्या टायरवर यासाठी प्रयोग केले होते आणि त्यातून एक अंदाजाचं सूत्र काढलं होतं. त्या हिशेबानं 25 पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यात साधारण 83 किलोमीटर वेगाला तरंगू लागतो. हवा 16 वर आली की हाच आकडा 67 होतो. पुणे हायवेला पावसात 67 ने आपण सगळेच जातो.

उरलेल्या निम्म्यांचं दुसरंच. पंपावर गेलं की पोरगा न विचारता 35 भरतो. स्विफ्टला 35, बोलेरोला 35, पद्मिनीलाही 35. माझ्या गाडीच्या पुस्तकातले आकडे तिशीच्या खालचे आहेत, पुढचे वेगळे आणि मागचे वेगळे. हलक्या गाडीच्या अरुंद टायरमध्ये एवढी हवा कोंबली की टायर मधल्या पट्ट्यावर उभा राहतो आणि कडा रस्त्याला नीट टेकत नाहीत. पुस्तकातला आकडा, थंड टायर आणि स्वतःचा मीटर, एवढंच लागतं. मी मीटर विकत घेतला आणि तीन पंपांवर ताडून बघितला. तिन्ही पंपांचे आकडे वेगळे आले. पेट्रोल कमी वाटलं तर पाच लिटरचं माप मागायचा आपल्याला हक्क आहे. हवेच्या मीटरचं काय? तो शेवटचा कोणी तपासला, हे पंपावर कुठे लिहिलेलं तुम्ही बघितलंय का?

आता कुठला टायर घालायचा, यावर मारामारी होईल म्हणून आधीच सांगतो, हे माझं मत आहे. मूळचा 5.20-14 हा क्रॉसप्लाय टायर गाडीला शोभतो यात वाद नाही. रॅलीत, प्रदर्शनात जरूर लावा. पण गाडी कोकणात न्यायची असेल तर जवळच्या मापाचा ताजा रेडियल घ्या, चारही चाकांना एकदम. पुढे रेडियल आणि मागे क्रॉसप्लाय अशी खिचडी तर चुकूनही करू नका, वळणावर गाडीची मागची बाजूच आधी सुटते. आणि रुंद टायरचा सोस सोडा. आमच्या एका मित्रानं दिसायला भारी म्हणून जाडजूड टायर घातलेत. स्टिअरिंग फिरवताना त्याचा दम निघतो, आणि पाण्यात अरुंद टायर रुंद टायरापेक्षा बरा चालतो. जुन्या गाडीची ही एक गोष्ट आपल्या बाजूची आहे, ती पैसे देऊन कशाला घालवायची?

इंग्लंडमध्ये सप्टेंबर 2012 मध्ये एका संगीत महोत्सवाहून परतणारी बस सरे भागात झाडावर आदळली. तीन जण गेले. पुढचा टायर फुटला होता. तपासात निघालं की तो साडेएकोणीस वर्षांचा होता. मेलेल्यांत एक मुलगा अठरा वर्षांचा होता. टायर त्याच्यापेक्षा मोठा. तेव्हाच्या नियमात टायरच्या वयाबद्दल काहीच नव्हतं. त्या मुलाची आई वर्षानुवर्षं भांडली, आणि 1 फेब्रुवारी 2021 पासून तिथे बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचा टायर बंद झाला. खासगी मोटारी तिथेही सुटल्या, हेही सांगायला हवं.

आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर गाडीची पुनर्नोंदणी, मग दर पाच वर्षांनी तेच. वीस वर्षांवरच्या मोटारीला आता दहा हजार फी. द्यायला ना नाही. पण मागच्या वेळी मी गेलो तेव्हा चेसिस नंबरचा पेन्सिलनं छाप घेतला, हॉर्न वाजवला, दिवे बघितले, पीयूसी बघितलं. टायरकडे वाकून कोणी बघितलं नाही. चार आकडे वाचायला यंत्र लागत नाही, बजेट लागत नाही, वाकावं तेवढं लागतं. फिटनेसच्या कागदावर टायरच्या सालाचा एक रकाना वाढवा आणि दहा वर्षांवरचा टायर असेल तर गाडी परत पाठवा. माझीही पाठवायला हवी होती. मी तिथे चिडलो असतो, कदाचित कुणाला तरी फोनही लावला असता. तरी पाठवायला हवी होती.

आपल्या भागातल्या आमदार-खासदारांना मी हे लिहून पाठवतोय. मसुदा कमेंटमध्ये टाकतो, ज्यांना पटेल त्यांनी आपल्या नावानं पाठवा. आणि आज संध्याकाळी मोबाइलची बॅटरी लावून खाली जा, आपापल्या गाडीचे आकडे वाचा आणि इथे लिहा. बुलेट, जीप, अँबेसेडर, काहीही असो. लाजू नका, माझे आधीच सांगितलेत.

चारही टायर नवे घातले. काल डिकी साफ करताना स्टेपनी बाहेर काढली, तर तिच्यावर तीनच आकडे आहेत. म्हणजे ती 2000 च्याही आधीची.