खेकड्याचं बीळ दाखवा

एका वाचकाने या आठवड्यात खाणीच्या टेलिंग पॉन्डचे, म्हणजे खाणीतला टाकाऊ गाळ आणि पाणी साठवायच्या तळ्याचे, दोन फोटो पाठवले. गाव आणि खाण सांगणार नाही, पाठवणाऱ्याची रोजी तिथेच आहे. पहिल्या फोटोत मातीच्या बांधाच्या माथ्यावर बोट सहज आत जाईल अशी लांबलचक भेग, दोन्ही टोकं बाहेरच्या उताराकडे वाकलेली. दुसऱ्या फोटोत तीच जागा मुरूम टाकून, रोलर फिरवून चापूनचोपून सपाट. वहीत शेरा, ‘किरकोळ भेगा आढळल्या, दुरुस्ती केली.’ दुरुस्ती कसली? पुरावा बुजवला.

नेहमीचे वाचक म्हणतील, आला हा पुन्हा आपल्या चरावर. आलो. उन्हाने तडकलेल्या मातीच्या भेगा जाळीसारख्या पसरतात आणि बहुधा उथळ असतात. बांधाच्या लांबीने धावून उताराकडे वाकणारी भेग दिसली, तर बांधाचा तुकडा घसरू लागलाय का, अशी शंका घ्यावीच लागते. बांधाला आडवी, पाण्याकडून बाहेरच्या बाजूला जाणारी भेग तर पाण्याला आयती वाट. पण कुठली किती खोल गेलीय हे वरून कळत नाही. म्हणून आधी तळ्याची पातळी उतरवायची, भेगेत चुन्याचं पातळ पाणी ओतायचं आणि तिला छेदून चर खणायचा. चुन्याची पांढरी रेघ कुठवर उतरली ते चराच्या भिंतीवर दिसतं. चर भरल्यावर दोन्ही अंगांना खुंट्या ठोकून अंतर मोजत राहायचं. एवढ्याला चार मजूर, चुना आणि टेप पुरतो.

खणून कारण शोधणं कसं असतं ते पाहा. कॅनडात ब्रिटिश कोलंबियामधल्या माउंट पॉली या तांबं-सोन्याच्या खाणीचा बांध ४ ऑगस्ट २०१४ रोजी मध्यरात्रीनंतर फुटला. सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी आणि गाळ खालच्या ओढ्यातून केनेल तलावात गेला. सरकारने तीन तज्ज्ञांची समिती बसवली. बांधावरून पाणी वाहिलं का, आतून माती धुपली का, कुणी मुद्दाम काही केलं का, असा एकेक संशयित त्यांनी तपासून बाजूला केला. बांधाखाली भोकं पाडून मातीचे नमुने प्रयोगशाळेत दाबून पाहिले. मूळ जमिनीखाली काही मीटरवर हिमयुगातल्या तलावाच्या चिकणमातीचा थर निघाला. वरचं वजन वाढलं की तो कमकुवत होणार, हे आराखड्यात धरलंच नव्हतं. त्यात उतार ठरल्यापेक्षा बराच खडा ठेवलेला. जानेवारी २०१५ मध्ये हे सगळं छापून लोकांसमोर आलं.

कॅनडाचे गोडवे गायला मी बसलेलो नाही. त्याच बांधावर २०१० च्या पाहणीत दहा-पंधरा मीटर लांबीची भेग नोंदली गेली होती. तिच्यामुळे बांध फुटला असं मी म्हणत नाही. समितीने तर सांगितलं की नुसत्या जास्त पाहण्यांनी ही फूट टळली नसती. वरवर फिरून जमिनीखालचं कळत नाही, यापेक्षा वेगळं मी तरी कुठे म्हणतोय?

आता आपल्याकडे या. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. ते खाणीचं नव्हे, पण बांध मातीचाच. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तेव्हाचे जलसंधारण मंत्री तानाजी सावंत यांनी कारण दिलं खेकड्यांचं. प्राण्यांच्या बिळांमुळे मातीच्या बांधात पाणी शिरू शकतं, हे पाठ्यपुस्तकातही आहे. म्हणून तर माझी मागणी साधी होती: बीळ दाखवा. किती खोल, कुठून कुठे, पाण्याच्या कुठल्या पातळीला? तिकडे तीन माणसं जमिनीखाली उतरून कारण घेऊन आली, इकडे आरोपपत्र आधी निघालं आणि आरोपीला वकीलही मिळाला नाही. पुढे विशेष तपास पथक नेमलं गेलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो खेकडाच.

माझा जुना संशय आहे, पुरावा मागू नका: भेग बुजवायचं बिल निघतं, भेग खणायचं निघत नाही. मुरूम किती ब्रास टाकला ते मोजता येतं. चर खणून ‘काही सापडलं नाही’ असं लिहिलं, तर लेखापरीक्षक विचारणार, मग खणला कशाला? आणि सापडलं, तर साहेब विचारणार, आता कशाला खणला?

बांधाखाली राहणाऱ्यांनी ग्रामसभेत खाणवाल्यांना एवढंच विचारावं: भेग बुजवण्याआधी चर खणला का, आणि त्याचा फोटो कुठे आहे? फोटो नसेल तर दुरुस्ती झालीच नाही, असं ठरावात लिहून घ्या.