औषध दिले; पण ते पोचले कोठे?

वसई-विरार परिसरातील औषधी दुकानांत अलीकडे भस्मांच्या आणि रसकल्पांच्या वेष्टनांवर ‘नॅनो’ हा शब्द दिसू लागला आहे. परिसंवादांतूनही ‘भस्म म्हणजे आपल्या पूर्वाचार्यांचे नॅनो-औषधच’ असे वाक्य टाळ्या मिळवून जाते. आमच्या मते या वाक्यात सत्याचा अंश आहे. परंतु तेवढ्या अंशावर समाधान मानणे आपल्या शास्त्राला आणि व्यवसायालाही घातक आहे. असे का म्हणतो, हे स्पष्ट करण्यासाठी नागपुरातून पुढे गेलेल्या एका संशोधकाच्या कार्याकडे वैद्यबंधु-भगिनींचे आणि औषधी विक्रेत्यांचे लक्ष वेधावेसे वाटते.

डॉ. विनोद लाभसेटवार यांनी नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात संशोधनास प्रारंभ केला. प्रायमाक्विन व मेट्रोनिडॅझोल ही औषधे अतिसूक्ष्म कणांतून देण्याविषयीचा त्यांचा व डॉ. दोर्ले यांचा प्रबंध 1990 साली प्रसिद्ध झाला. पुढे अमेरिकेत मिशिगन, नेब्रास्का आणि क्लीव्हलँड क्लिनिक येथे त्यांनी औषधे व जनुके पेशींपर्यंत पोचविण्याच्या प्रश्नाला वाहून घेतले.

जनुकोपचारात खरी अडचण जनुक मिळविण्याची नसून ते पोचविण्याची आहे. नुसते जनुक शरीरात सोडले तर ते वाटेतच नष्ट होते. म्हणून त्यास वाहन लागते. आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून सिद्ध झालेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या ‘नेक्सकार-19’ या रक्तकर्करोगावरील उपचारात रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून त्यांत निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहनातून जनुक घातले जाते. लाभसेटवारांनी प्रामुख्याने निवडलेले वाहन निराळे. लॅक्टिक व ग्लायकोलिक या आम्लांपासून तयार केलेला एक बहुवारिक पदार्थ त्यांनी घेतला. शरीरात त्याचे पुन्हा याच दोन आम्लांत विघटन होते आणि ती शरीर पचवू शकते.

आता या संशोधनाची रीत पाहावी. पेशी बाहेरून आलेला कण एका पिशवीत बंद करते आणि आम्लाने त्याचा नाश करू पाहते. लाभसेटवार व त्यांचे सहकारी पन्यम यांनी 2002 साली दाखविले की, हे कण सुमारे 10 मिनिटांत त्या पिशवीतून निसटून पेशीद्रवात येतात. येथे थांबून जयघोष करता आला असता. परंतु पुढच्याच वर्षी त्याच प्रयोगशाळेने हेही प्रसिद्ध केले की, बाहेरील कण काढून घेतल्यावर, पेशीत शिरलेल्यांपैकी सुमारे 65 टक्के कण अर्ध्या तासात पुन्हा बाहेर पडतात. आकाराविषयीचा त्यांचा प्रयोग तर आपण मुद्दाम ध्यानात ठेवावा. 100 नॅनोमीटरपेक्षा लहान कणांनी मोठ्या कणांच्या तुलनेत जनुकाचे कार्य एका प्रकारच्या पेशींत 27 पट वाढविले, दुसऱ्या प्रकारच्या पेशींत मात्र केवळ 4 पट. दोन्ही आकारांचे कण पेशीत शिरण्याचे प्रमाण जवळपास सारखेच होते! म्हणजे सूक्ष्मत्व हे उत्तर नव्हे. ती प्रश्नाची सुरुवात आहे.

आपल्या रसशास्त्राने भस्माच्या परीक्षा सांगितल्या आहेत. रेखापूर्णत्व व वारितरत्व या परीक्षा सूक्ष्मतेच्या. निश्चंद्रत्व, अपुनर्भव व निरुत्थ या धातुस्वरूप नष्ट झाल्याच्या. कोणतेही उपकरण हाताशी नसताना एवढा विचार करणाऱ्या आचार्यांपुढे मस्तक नम्र होते. परंतु या सर्व परीक्षा औषध खलात असतानाच्या आहेत. रुग्णाने ते मधातून चाटल्यानंतर त्यातील किती भाग शोषला गेला, यकृतात किती गेला, वृक्कात किती साचला, हे त्या सांगत नाहीत. लाभसेटवारांच्या कणांना जो प्रश्न विचारला गेला, तोच आपल्या पारदकल्पांना विचारला जाणार, आणि त्याचे उत्तर ‘नॅनो’ या शब्दाने देता येणार नाही. बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या 70 आयुर्वेदीय उत्पादनांपैकी 14 मध्ये शिसे, पारा वा सोमल आढळल्याचे 2004 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी ‘शुद्धी-मारण केलेले असते’ एवढेच उत्तर दिले. ते पुरेसे ठरले नाही.

मोजमाप केल्याने आयुर्वेद लहान होतो, अशी भीती काहींना वाटते. अनुभव उलट आहे. योगवाही द्रव्य ही आपली कल्पना. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी त्रिकटूवरून विचार करून पिंपळी-मिऱ्यातील पायपरीनचा अभ्यास केला. 1998 साली बंगळूर येथील अभ्यासात 2 ग्रॅम कर्क्युमिनबरोबर 20 मिलिग्रॅम पायपरीन दिल्याने मानवी रक्तातील कर्क्युमिनची उपलब्धता 2000 टक्क्यांनी वाढली. क्षयावरील रायफॅम्पिसिनची मात्रा पायपरीनच्या साहाय्याने 450 वरून 200 मिलिग्रॅमवर आणणारे औषधही 2009 पासून भारतात आले. अनुपानाच्या तत्त्वाचा याहून मोठा सन्मान कोणता?

मात्र हेच मोजमाप आपल्याला सावधही करते. पायपरीनमुळे प्रोप्रॅनोलॉल व थिओफिलीन यांचेही रक्तातील प्रमाण वाढते, असे 1991 साली दिसून आले. नालासोपाऱ्याच्या दम्याच्या रुग्णाला आपण सितोपलादी वा त्रिकटू देतो, आणि त्याच्या खिशात दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या असतात. आपण विचारत नाही, तो सांगत नाही. जे योगवाही आहे ते आपल्या औषधापुरते योगवाही राहत नाही.

म्हणून आमच्या तीन सूचना आहेत. पहिली औषधी दुकानदारांना: कणांच्या आकाराचा व जड धातूंचा त्या घाण्याचा तपासणी-अहवाल उत्पादकाकडून मागावा, तो मिळत नसेल तर ‘नॅनो’ लिहिलेला माल दुकानात ठेवू नये. दुसरी वैद्यांना: केसपेपरवर मात्रा, अनुपान, सेवनकाल आणि चालू असलेली अन्य औषधे यांची नोंद प्रत्येक वेळी करावी, दीर्घकाळ रसकल्प देताना वृक्क व यकृत यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. तिसरी संघटनेला: अशा नोंदी एकाच नमुन्यात गोळा करून, परिसरातील औषधनिर्माण महाविद्यालयांच्या साहाय्याने निदान एखाद्या कल्पाचा तरी शोषणाचा अभ्यास हाती घ्यावा.

यास पैसा लागेल, वेळ लागेल, आणि एखाद्या आवडत्या कल्पाविषयी अप्रिय निष्कर्षही निघेल. 65 टक्के कण परत बाहेर येतात, हे सांगितल्याने लाभसेटवारांचे शास्त्र बुडाले नाही; कण आत टिकवायचे कसे, हा पुढचा प्रश्न त्यातून उभा राहिला. आपल्या आचार्यांनी मात्रा, काल आणि अनुपान यांचा विचार करून औषध कोठे व केव्हा पोचावे, हे ठरविण्याचा यत्न केला. ते खरोखर पोचले काय, हे पाहण्याची जबाबदारी आता आपली आहे.