जड पाणी, आरओ आणि आपलं गाळणं



आपल्या संभाजीनगरात नळाला जायकवाडीचं पाणी येतं, पण काही दिवसांच्या अंतराने. मधले दिवस बोअर आणि टँकरवर निघतात. काळ्या खडकातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार सोबत आणतं. म्हणून तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो.

हा थर पाहून घरोघरी आरओ बसतोय. काही विक्रेते पाण्यात दोन दांड्या बुडवून वीज सोडतात आणि पाणी तपकिरी करून दाखवतात. घाबरू नका. तो गाळ दांडीच्या लोखंडाचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार कमी, वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं.

माझं मत स्पष्ट आहे. जड पाणी म्हणजे घाण पाणी नव्हे. भारतीय मानकात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानला आहे. दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतो. म्हणून आधी पाणी तपासून घ्या.

घरचा आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. थेंबाथेंबात जीव मानणाऱ्या, पाणी तुपासारखं वापरा म्हणणाऱ्या आपल्या घरात हे गरजेशिवाय होत असेल, तर तो अनर्थदंडच.

आपली जुनी रीत इथेही उपयोगी पडते. दुहेरी कापडाने गाळल्याने क्षार जात नाहीत, तो जीवदयेचा भाग. पण गाळलेलं पाणी उकळलं की क्षारांचा एक भाग तळाशी बसतो. निवू द्या, वरचं पाणी अलगद ओतून घ्या. उरलेले क्षार उकळूनही जात नाहीत, हेही खरं. डाळीसाठी नळाचं पाणी राखून ठेवा. भांड्यांचा थर लिंबाच्या रसाने निघतो.

तपासणीत नायट्रेट किंवा फ्लोराइड जास्त निघालं, तर आरओ जरूर घ्या. ते उकळून जात नाहीत. मात्र त्याची नळी बादलीत सोडा. ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला चालतं. या शहरात कुणीतरी रोज टँकरमागे घागर घेऊन उभं असतं, एवढं आठवलं तरी नळी मोरीत सोडवणार नाही.