रावबहादूर बोले आणि आपली सोयीची विस्मृती

जर्मनीतील आपल्या सभांतून दरवर्षी २० मार्च १९२७ चे स्मरण मोठ्या निष्ठेने होते. परंतु ज्या ठरावाच्या आधारे आपली माणसे महाडच्या चवदार तळ्यावर गेली, तो मांडणाऱ्या कायदेमंडळाच्या सभासदाचे नाव वक्त्यांच्या तोंडी क्वचितच येते. सीताराम केशव बोले भंडारी समाजातले. 'ते आपले नव्हेत' ही त्यामागची न बोललेली अडचण असेल, तर ती आपणांस मुळीच शोभत नाही.

१९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या सत्कारसभेचे अध्यक्ष हेच बोले. त्याच सभेत केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती ठेवले. पुढे मुंबई कायदेमंडळात ४ ऑगस्ट १९२३ रोजी बोल्यांचा ठराव संमत झाला: सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये व दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केल्याचे नोंदविले, पण सवर्णांच्या विरोधापुढे ती नोंद दप्तरातच राहिली. बोले स्वस्थ बसले नाहीत. ठराव न पाळणाऱ्या संस्थांचे अनुदान रोखावे, असा दुसरा ठराव त्यांनी १९२६ मध्ये आणला. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला तो ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बरोबर चार वर्षांनी! तारीख योगायोगाची असेल, वृत्ती नव्हती. अखेर १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला.

'कागदाने काय होते?' असे आपले काही सुशिक्षित बांधव विचारतात. हा कागद नसता तर महाडच्या पावलांना अतिक्रमण ठरविणे विरोधकांस किती सोपे गेले असते!

जर्मनीच्या २००६ च्या समान वागणुकीच्या कायद्यात वंश, धर्म, लिंग, वय यांचा उल्लेख आहे. 'जात' हा शब्द नाही. भारतीय मंडळींच्या मेळाव्यात आडनाव ऐकताच बदलणारा चेहरा आपण सर्वांनी पाहिला आहे. उलट बर्लिन राज्याच्या विधिमंडळाने २०२० च्या भेदभावविरोधी कायद्यात 'सामाजिक दर्जा' हे कारण समाविष्ट केले. तो सरकारी कार्यालयांपुरताच आहे हे खरे. पण तो केला राज्याच्या आमदारांनीच. आपण सभागृहाचे भाडे भरतो, भोजनाच्या पंगती मांडतो आणि आपल्या राज्याच्या लांडटागला साधे पत्रही पाठवीत नाही.

पुढील २० मार्चच्या सभेस लांडटागच्या एखाद्या सदस्यास सन्मानाने पाचारण करावे, आणि बोल्यांच्या ठरावाचे जर्मन भाषांतर त्यांच्या हाती द्यावे.